क्लच माझाच होता

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. अतिशय गोड माणूस, पण हात सढळ. एके सकाळी चहा पिता पिताच तो गेला.

महिना होतो न होतो तोच वसुलीचे फोन सुरू झाले. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाचं देणं थकलंय, बायको म्हणून तुम्हीच भरायचं. पलीकडची मुलगी बोलायला मऊ, पण चिवट. "निदान एक हप्ता तरी भरा ना, काकू. काकांच्या नावाला बट्टा कशाला?"

हे शेवटचं वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. हातातल्या बांगड्या विकायचा विचारही मनात येऊन गेला. तेवढ्यात बाईंची लेक म्हणाली, "आई, तू कुठं सही केली होतीस का? आधी बँकेत जाऊन विचार तरी."

बँकेतले अधिकारी चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "कार्ड एकट्या मास्तरांच्या नावावर होतं. तुम्ही जामीन नाही, तुमच्या नावाचं जोडकार्डही नाही. त्यांनी मागे जे ठेवलंय, त्यातून आम्ही घेऊ. तुमच्या कमाईला हात लावता येत नाही."

"मागे एक खातं ठेवलंय," बाई म्हणाल्या, "आणि मी."

"तुम्ही त्यात येत नाही," अधिकारी हसले. "आता फोन आला तर म्हणायचं, जे काय ते लेखी पाठवा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तशाच त्या गॅरेजवर गेल्या. गाडीच्या कामाचे पैसे गॅरेजवाला कधी मागायचाच नाही. "राहू द्या वहिनी, नंतर बघू," एवढंच म्हणायचा. आता एकटीच्या कमाईवर संसार, कुणाचं ओझं नको, म्हणून त्यांनी पर्स उघडली.

गॅरेजवाला गडबडला. फडक्याला हात पुसत राहिला.

"तुमचं काहीच बाकी नाही, वहिनी. मास्तर येऊन कार्डावर भरून जायचे. टायर, बॅटरी, मागचा क्लच, सगळं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. म्हणायचे, तिचे क्लासचे पैसे तिच्याकडेच राहू देत."

बाई तिथल्या टायरांच्या ढिगावरच बसल्या. राग आला, खूप राग आला. इतकी वर्षं आपण त्याला उधळ्या म्हणत आलो आणि तो निमूट ऐकून घेत राहिला! गॅरेजवाल्यानं पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं.

रात्री लेकीला सांगितलं तर ती उखडली. "कायद्यानं लागत नाही ना? मग विषय संपला."

"कायद्यानं नाही लागत. पण क्लच माझाच होता."

"आई, तू कधी सुधारणार नाहीस."

पण बाईंनी भाबडेपणाही केला नाही. फोनवरच्या मुलीला एक पैसा दिला नाही. गॅरेजवाल्याकडून कामाची बिलं घेतली, अधिकाऱ्यांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "गाडीचं तेवढं मी माझ्या खुशीनं देते. बाकीचं त्यांच्या खात्यातून घ्या. आणि यापुढे माझ्याकडे काही मागणार नाही, हे आधी कागदावर द्या." वरिष्ठांशी बोलायला अधिकाऱ्यांना थोडे दिवस लागले, पण कागद आला. मग बाईंनी गाडीचे पैसे भरले, मास्तरांचं खातं रिकामं झालं, उरलेलं बँकेनं सोडून दिलं आणि फोन थांबले. बांगड्या हातातच राहिल्या. लेक मात्र आजही म्हणते, आईनं फुकटचे पैसे घालवले.

त्यानंतरच्या सोमवारी पहिल्या क्लासला अजून वेळ होता. गाडी मैदानाच्या कडेला उभी करून बाई एकट्याच बसल्या होत्या.

"अहो, सांगायचं तरी होतं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोटभर रडल्या.