खोट्या निखाऱ्यांची शेगडी

पस्तीस वर्षं बाळंतिणींच्या खोल्यांत शेगड्या फुंकल्यावर माणसाचे डोळे व्हायचे तसेच कृष्णाबाईचे झाले होते. कडा कायम लाल, आणि सकाळ उजाडल्यापासून पदराने पाणी टिपणं सुरू. गुडघ्यांची रड वेगळीच. चौल-रेवदंड्याच्या आगरातल्या निम्म्या माणसांना पहिली आंघोळ तिने घातलेली. त्यातले काही आता मिशांना पीळ देत तिलाच ‘म्हातारे, वाटेतून सरक’ म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि तिची सगळी ताकद चुलीवरचं पाणी न्हाणीत नेण्यातच संपून जाई.

सुईण म्हणून तिचं नाव चांगलं होतं, पण ती हुकूम फार सोडते अशी घरोघरच्या सासवांची तक्रार होती. कच्चा कोळसा खोलीत आणायचा नाही. अंगणात धूर जाऊन लालभडक झालेला निखाराच काय तो आत यायचा. आणि बाळंतिणीच्या खोलीची खिडकी चाळीस दिवस हातभर उघडी राहिली पाहिजे, मग बाहेर थंडी असो की वारा. का? तर सटवाईला यायला वाट लागते. सटवाई लेकराचं नशीब लिहायला सहाव्या रात्री येते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग पुढचे चौतीस दिवस खिडकी कोणासाठी, असं एका वात्रट जावयाने विचारलं, तेव्हा ‘लिवताना चुकली तर दुरुस्त कराया येते’ असं ठणकावून तिने त्याचं तोंड बंद केलं होतं. जावई हसला, पण खिडकी उघडी राहिली.

खरं कारण तिने जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. ते चांगदेव वाडीवाल्याच्या घरात, तीस वर्षांपूर्वीच्या पौषात घडलं होतं.

चांगदेवची बायको कमळ तेव्हा सतरा वर्षांची. पहिलाच मुलगा, अकरा दिवसांचा. खाडीवरून गार वारा सुटला होता, म्हणून चांगदेवच्या आईने खिडकी लावून घ्यायला सांगितली आणि कृष्णाबाईने ती लावली. त्या दिवशी पलीकडच्या पाखाडीत दुसरं बाळंतपण उरकून ती आलेली, पाय मोडून आले होते. पहाटे उठून शेगडीत पुन्हा निखारे घालायचा तिला कंटाळा आला. म्हणून तिने संध्याकाळीच अर्धवट पेटलेल्या निखाऱ्यांवर टोपलंभर कच्चा कोळसा ओतला, शेगडी बाजेखाली सरकवली, दार ओढून घेतलं आणि पडवीत जाऊन निजली. सकाळी दार उघडून पहिली आत गेली तीच. आत पाऊल टाकताच तिचं डोकं गरगरलं आणि पोटात मळमळलं. कमळ दारू प्यायल्यासारखी निपचित पडली होती. मूल तिच्यापासून चांगलं वीतभर लांब होतं, गाल लालचुटुक, अंग गार. कोळशाच्या भट्ट्या लावणारे कातकरी बंद झोपडीत शेगडी ठेवत नाहीत, ती श्वास खाते म्हणतात, हे तिने ऐकलेलं होतं. ते तिला आठवलं तेव्हा मूल तिच्या हातात होतं आणि ती पडवीत धावत आली होती.

चांगदेवच्या आईने एकदाच पाहिलं आणि बोलून मोकळी झाली, की मेलीने झोपेत लेकरू अंगाखाली घेतलं. मूल कुठे पडलं होतं हे कृष्णाबाईशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. पण ती आपल्या सासूच्या हाताखालून सुटून नुकतीच एकटी सुईणपण करू लागली होती, घरी दोन पोरं होती, आणि शेगडीने मूल मारणाऱ्या सुईणीला कोण दारात उभं करणार होतं? उद्या सांगू म्हणून ती घरी गेली. असे उद्या पुष्कळ आले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण तीस वर्षं मूठ झाकून ठेवली की हात आखडतो, हे म्हणणारे सांगत नाहीत. दिवसभर ओकाऱ्या काढणाऱ्या कमळने सासूचं बोलणं ऐकलं होतं, आणि ते तिला तेव्हाच पटलं होतं.

त्यानंतर कमळला सात वर्षं दिवस गेले नाहीत. मग केसर झाली, तीही कृष्णाबाईच्याच हातून, उघड्या खिडकीच्या खोलीत. ती केसर आता पहिलटकरीण होऊन माहेरी आली होती. दिवस पौषातच भरणार होते.

केसरचा नवरा शिवदास मुंबईत विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होता. रविवारी लाँचने आला तो खिशात एक घडी घातलेला कागद घेऊन. गावात वीज येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि घरोघरी ती दिव्यापुरतीच होती. शिवदासचं म्हणणं, मुंबईच्या डॉक्टरणीने बजावलं आहे, बाळंतिणीच्या खोलीत धूर नको. तेव्हा विजेची शेगडी आणू. कुठल्याशा साहेबाचा बंगला मोडला, त्यातले तीन नग दुकानात आलेत, मालक त्यातला एक देतो म्हणालाय. कागदावर त्याने तिन्हींची चित्रं काढून आणली होती. जावयाला नाही म्हणायचं चांगदेवच्या जिवावर आलं आणि हो म्हटलं तर बायको काय म्हणेल याची धास्ती. त्याने आपली मान सोडवून घेतली. खोलीत वावरायचं कृष्णाबाईला, तेव्हा ती म्हणेल ते, असं त्याने जाहीर केलं.

कृष्णाबाईला बोलावणं आलं. ती ओटीवर भिंतीला टेकून बसली, कागद नाकाशी धरला आणि शिवदासला एकेक चित्र समजावून सांगायला लावलं. गावात तोवर कोणी विजेची शेगडी पाहिली नव्हती, त्यामुळे तिच्या प्रश्नांना हसायलाही कोणी पुढे आलं नाही.

पहिली पितळेच्या परातीसारखी, मध्ये तार तापणारी, एका दांड्यावर उभी. हिला धक्का लागला तर, असं तिने विचारलं. पडेल, शिवदास म्हणाला. मग नको, बाळंतिणीच्या खोलीत दहा बायका येतात आणि दहाही बाळाकडे बघत चालतात. दुसरी लांबट, जमिनीलगतची. बाजेवरची गोधडी लोंबली तर हिला टेकेल का? टेकेल. मग तीही नको. ओल्या हाताने शिवलं तर काय होतं, बाहेरचा पत्रा किती तापतो, दोरी कुठवर पोचते, हे सगळं तिने विचारून घेतलं. इतके प्रश्न दुकानात कोणी गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून शिवदास खूश झाला.

तिसरी सगळ्यांत जड. साहेबाच्या घरात भिंतीत आग पेटवायची जागा असते, तिचीच ही नक्कल, पण भिंत नको. चार रुंद पायांवर कुठेही उभी राहते, पुढे जाळी. जाळीमागे काचेचे कोळसे रचलेले आणि त्यांच्याखाली लाल दिवा, म्हणजे निखारे फुलल्यासारखे दिसतात. ऊब मात्र वरच्या तारेची. चांगदेव म्हणाला, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे. त्यावर तो स्वतःच हसला.

कृष्णाबाई हसली नाही. तिने कागद खाली ठेवला.

“ही खोलीतली हवा खाते काय रे?”

“नाही मावशी. काही जळतच नाही, तर हवा कशाला लागेल?”

“दार-खिडकी सगळी लावली तरी?”

“तरी नाही.”

तिने हाच प्रश्न आणखी एकदा फिरवून विचारला आणि शिवदासने तेच उत्तर दिलं. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. इतकी साधी वस्तू, चार पायांची, काचेच्या कोळशांची, आणि ती यायला तीस वर्षं उशीर झाला. तिसरी आणा, ती म्हणाली, जड आहे, पडणार नाही. तिला रडू येत होतं, पण तिचे डोळे नेहमीच वाहत असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

जावयाला सुपारी दाखवायला म्हणून चांगदेव त्याला वाडीत घेऊन गेला. कृष्णाबाई मागच्या पडवीत आली तर कमळ सुपात ओवा घेऊन निवडत बसली होती. ओटीवरचं सगळं तिने आतून ऐकलं होतं. कमळ मुळात कमी बोलणारी. गावात तिला लोक गर्विष्ठ म्हणत. तिचा गर्व कधीच मोडून गेला होता हे कृष्णाबाईइतकं कोणाला माहीत नव्हतं. आज मात्र ती बोलायचं ठरवूनच बसली होती. माझ्या लेकीला खोट्या आगीचा शेक नको, ती म्हणाली. काचेच्या कोळशांवर ओवा टाकून धुरी होते काय? बाळंतिणीची कंबर काय दिव्याने शेकते? कृष्णाबाईने तिला समजावलं, की ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकता येतं, तेल-पाणी सगळं तसंच राहील, फक्त कोळसा आत येणार नाही. कमळ ऐकेना. तिला जुनीच शेगडी हवी होती, बाजेखालची, रात्रभराची. आणि खिडकीही नको, पोर मुंबईची झाली आहे, तिला गारठा सोसत नाही.

“सगळ्या आगरात तूच शेगडी घालत आलीस ना?” कमळ म्हणाली. “मग आत्ताच काय वाईट झालं त्या शेगडीत? माझ्या येळी शेगडीनं काय केलं व्हतं? जे झालं ते माझ्या झोपंनं झालं.”

हे तिने इतक्या सरावाने म्हटलं की त्यात दुःखही उरलं नव्हतं. कृष्णाबाईला वाटलं, गप्प राहावं. हो म्हणावं आणि केसरची खिडकी आपण राखू, आणखी एक थाप मारू. पण थाप मारायचाही तिला आता कंटाळा आला होता. आणि आपले डोळे असे, झोप ही अशी दगडासारखी. एखाद्या रात्री खिडकी लागली नि आपल्याला उमजलंच नाही, तर? ती गुडघ्यावर हात टेकत कमळच्या समोर बसली.

“तुझ्या झोपंनं न्हाय, कमळ. माझ्या शेगडीनं.”

मग तिने सगळं सांगितलं. लावलेली खिडकी, टोपलंभर कोळसा, आपला कंटाळा. दार उघडल्यावर आलेली चक्कर. सांगताना तिने स्वतःसाठी एकही सबब जोडली नाही.

“लेकरू तुझ्या अंगाखाली न्हवतं. वीतभर लांब व्हतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

कमळचे हात सुपात होते तिथेच राहिले. तिने विचारलं, “तुला तवाच ठावं व्हतं?”

“त्याच घडीला.”

“सासूबाय जाऊन पंदरा वर्सं झाली. त्या गेल्या तवा तरी सांगायचंस.”

मला हाकलून दे, कृष्णाबाई म्हणाली, बाळंतपणाला दुसरी बाई बघ, मी का म्हणून विचारणार नाही. कमळने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती भिंतीकडे बघत होती.

“केसरला मी कदी कुशीत घेऊन निजले न्हाय,” ती म्हणाली. “पाळण्याची दोरी हातात धरून भिंतीला टेकून रात काढायची. मोठी झाली, तापानं फणफणायची, ‘आये, माज्यापाशी ये’ म्हनायची. मी लांबनं थापटायची. तिला वाटायचं, आयेला आपली माया न्हाय.”

कृष्णाबाईने हात पुढे केला, पण कमळला लावायची तिची हिंमत झाली नाही. तो तसाच सुपाच्या कडेवर राहिला. कमळ उठली. शिवदासला सांग, ती तिसरी आणायला, एवढंच ती म्हणाली. बाळंतपणाला दुसरी बाई बघण्याबद्दल ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिने लुगड्याला चिकटलेला ओवा झटकला आणि माजघरात गेली.

माजघरात केसर दुपारची आडवी झाली होती. दारातून कृष्णाबाईला तिची पाठ दिसत होती. कमळ चटईशी थोडा वेळ नुसती उभी राहिली, पाण्यात उतरताना माणूस थांबतं तशी. केसरने मान वळवून काय झालं म्हणून विचारलं.

“जरा सरक,” कमळ म्हणाली.

बावीस वर्षांत आईने असं कधी म्हटलं नव्हतं. केसर तिच्याकडे बघत राहिली. मग आपलं जड पोट सांभाळत ती भिंतीकडे सरकली आणि तिने आईला जागा करून दिली.