घोडीचा कौल

आमच्या घोडीच्या होकारावर माझ्या आईने दोन उन्हाळे काढले आणि तो होकार मी बंद पाडला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी उगाच शहाणी समजायला नको.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या रस्त्याला आमचं घर. बाबा भातशेती करायचे आणि लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी द्यायचे. ही घोडी त्यांनी म्हसा गावच्या जनावरांच्या जत्रेतून आणली होती. पांढरी, गुलाबी नाकाची, स्वभावाने गरीब, गळ्यात घुंगरांचा पट्टा. पुढच्याच फाल्गुनात ती मान झटकायला लागली. नाकात माशी शिरल्यासारखी एकदम डोकं वर उडवायची, खाली आपटायची, शिंकायची, नाक पुढच्या पायावर घासायची. वरातीत एक नवरदेव पडता पडता वाचला, तेव्हा बाबांनी तिला गोठ्यात बांधून ठेवलं.

त्याच्या आदल्या महिन्यात माझा थोरला भाऊ घरातून निघून गेला होता. बाबांशी कडाक्याचं भांडण झालं, बाबांनी हात उगारला आणि तो पायांत चपला घालून चालता झाला. पोलिसात कळवून झालं, कल्याणपर्यंत नातेवाइकांकडे विचारून झालं. त्याचा पत्ता नव्हता. आई रस्त्यावर कुणाच्याही चपला वाजल्या की उठून दारात जायची. जेवताना तर हमखास उठायची. आम्ही तिच्याकडे बघायचं टाळायचो.

एकदा घोडीला भुसा घालताना आईने सहज तिलाच विचारलं, “येल का गो माझा पोरगा?” घोडीने तीनदा मान वर-खाली केली. घुंगरं वाजली. आई धावत घरात गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली.

आमच्याकडे देवळात कौल लावायची रीत आहे. देवाला प्रश्न विचारायचा, मूर्तीला तांदूळ चिकटवायचे, उजवीकडचा आधी पडला तर होकार. आमच्या घोडीचं त्याहून सोपं होतं, ती नाही म्हणतच नव्हती. आठवड्याभरात पार शेणवे गावापर्यंतच्या बाया नारळ घेऊन यायला लागल्या. एकीने विचारलं, पाऊस लवकर येल का? घोडी हो म्हणाली. तिच्या जावेने विचारलं, उशिरा येल का? त्यालाही हो. दोघी समाधानाने घरी गेल्या. कुणी नाकाखाली कापराचा धूर धरायचं, मग घोडी शिंकून शिंकून बेजार व्हायची आणि बाया म्हणायच्या, आज देवी खूश आहे. माझं डोकं फिरायचं. मी दोघीतिघींना ताट-नारळासकट अंगणाबाहेर काढलं, तर आईनेच त्यांना परत बोलावलं.

पावसाळ्यात आभाळ भरलं तशी घोडी शांत झाली आणि आईही गप्प गप्प झाली. पुढच्या फाल्गुनात दोघी पुन्हा सुरू झाल्या.

एका दुपारी गोठ्यात कुणी नसताना मीही विचारलं, माझा भाऊ जिवंत आहे का? घोडीने मान हलवली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या गळ्याला मिठी मारली. मग काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, मेला का? घुंगरं पुन्हा वाजली. मी तिथून पळाले. ही गोष्ट मी आईला कधी सांगितली नाही. त्या उन्हाळ्यात दुपारी घरभर घुंगरं ऐकू यायची आणि प्रत्येक वेळी मला ती दोन्ही उत्तरं एकदम ऐकू यायची.

घासून घासून घोडीच्या नाकाचं सालटं निघालं, रक्त यायला लागलं. शेजारी बैल बघायला आलेल्या ढोरांच्या डॉक्टरांना मी अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी तिला सावलीत नेऊन पाहिलं, उन्हात आणून पाहिलं; उन्हात आली की झटके वाढत होते.

“ताई, हा कौल नाही, कळ आहे,” ते म्हणाले. “चेहऱ्यावरची शीर उठते तिची. विजेचा झटका बसावा तसं होत असणार.”

“मग दर वर्षी फाल्गुनातच कशी?” मी विचारलं.

“दिवस मोठे व्हायला लागले की अंगाला ऋतू बदलल्याचं कळतं आणि ती शीर चेतते. ऊन डोळ्यांत गेलं की जास्तच. आत्ता डोळ्यांवर काळं फडकं बांधा. आणि दिवाळीपासून रोज तिन्हीसांजेला गोठ्यात मोठा दिवा लावून दिवस लांबवा. म्हणजे पुढे तो खरोखर वाढला, तरी तिला जाणवणार नाही. बाहेरदेशी कुणी कुणी करून बघतंय म्हणतात. मी खात्री देत नाही. पण खाडा करायचा नाही.”

आई दारात उभी राहून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर मी घोडीच्या डोळ्यांवर बांधलेलं फडकं तिने सोडून टाकलं.

दिवाळीत बाबांनी गोठ्यात वायर ओढून दोनशेचा बल्ब लावून दिला. बाबा कौलाच्या वेळी कधी तिकडे फिरकत नसत. दिवा मात्र त्यांनी मुकाट्याने लावून दिला. मी रोज दिवेलागणीला बटण दाबायची आणि जेवणं आटपली की बंद करायची. लाइट गेली की वरातीतली ग्यासबत्ती पेटवायची. दोनदा मला बल्ब काढून ठेवलेला सापडला. दुसऱ्या वेळी मी आईवर ओरडले, “आये, तिचं रक्त दिसत नाय का तुला?”

“दिसतं गो,” आई म्हणाली. “मला काय आंधळी समजलीस? पण दुसरं कोण मला हो बोलतं? तुज्या बापाला इचार, तुला इचार. तुमी गप. ती तरी बोलते.”

मी बल्ब परत लावला.

फाल्गुन आला. होळी झाली, रंगपंचमी झाली. घोडी शांत होती. नाकावर नवी कातडी आली होती. बाया आल्या, वाट बघून नाराज होऊन गेल्या. त्या गेल्यावर आईने घोडीला अंगणात आणलं, ऐन उन्हात, आणि समोर उभी राहिली.

“येल का गो माझा पोरगा?”

घोडी गवत खात राहिली. आईने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. घोडीने कान हलवला फक्त. इतकी निवांत मी तिला फाल्गुनातल्या उन्हात कधी पाहिली नव्हती. दिवा लागू पडला होता आणि मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं.

आई वळली. मी उंबऱ्यात उभी होते. ती माझ्याजवळ आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “येल का गो?”

मी मान हलवली.

त्यानंतर तिने घोडीला कधीच विचारलं नाही. मला विचारायची. मी माहेरी आले की उंबऱ्यातच विचारायची, आणि पुढे अंथरुणाला खिळल्यावर तर तासातासाला. मी दर वेळी हो म्हणायची. शेवटच्या सकाळी तिला बोलता येत नव्हतं, नुसती बघत होती. तिने न विचारताच मी मान हलवली.

भाऊ अजून आलेला नाही.