वहिनींच्या गाडीचा डिफरन्शियल

मोशीला माझ्या मित्राचं गॅरेज आहे. आम्ही दोघं एकाच आयटीआयमधून बाहेर पडलो. मी चाकणला गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत लागलो आणि त्यानं घरच्या जागेवर पत्र्याची शेड टाकली. त्याला वेड होतं मातीच्या मैदानावरच्या शर्यतींचं. शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडतात, कमीत कमी वेळात जो येईल तो जिंकतो. जुनी पेट्रोल गाडी घेऊन तो जायचा आणि सुट्टी असली की जॅक, पाने घेऊन मी त्याच्याबरोबर.

मग नाशिक रस्त्यावर एका ट्रेलरनं त्याच्या मोटरसायकलला बाजूनं घासलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढे कृत्रिम पाय बसला, गॅरेज पुन्हा सुरू झालं, पण क्लच काही जमेना. "पाय दाबलाय का नुसता ठेवलाय तेच कळत न्हाई राव," असं तो एकदाच म्हणाला. शर्यतीची गाडी त्यानं विकून टाकली. त्यानंतर आम्ही हजार विषयांवर बोललो, त्या एका विषयावर नाही.

इलेक्ट्रिक गाडी घरात आली ती वहिनींसाठी. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मूळच्या लातूरकडच्या. राजगुरुनगरच्या एका शाळेत गणित शिकवतात. रोजच्या एसटीला कंटाळून त्यांनी स्वतःच्या नावावर ही वापरलेली गाडी घेतली. क्लच नाही, गिअर नाही, सगळं काम उजव्या पायाचं. एका रविवारी मी शेडवर गेलो तेव्हा मित्र तीच गाडी मागच्या रिकाम्या प्लॉटवर गोल गोल फिरवत होता. थांबला, काच खाली केली. तोंडभर धूळ.

"पुढचं आतलं चाक फुकट फिरतंय," तो म्हणाला. किती तरी वर्षांनी त्यानं हे असलं वाक्य उच्चारलं होतं.

दोष गाडीचा नव्हता. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल असतो. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरायला लागलं की ताकद तिकडंच वाया जाते आणि दुसरं चाक नुसतं बघत बसतं. त्यात इलेक्ट्रिक मोटर पाय ठेवल्या ठेवल्या पूर्ण जोर लावते. मातीवर तर विचारायलाच नको. यावर एक वेगळ्या बनावटीचा डिफरन्शियल मिळतो, त्याला लिमिटेड स्लिप म्हणतात. तो पकड असलेल्या चाकाकडेही ताकद पाठवतो. मित्रानं कोइमतूरच्या एका माणसाकडून तो मागवला, सोबत चाकं फिरवणारे जाड एक्सल. खोकं आल्यावर मग बायकोला सांगायचं ठरलं आणि त्यासाठी मला जेवायला बोलावलं.

"अहो, गाडी कुणाची आहे?" वहिनींनी भाकरी थापता थापता विचारलं.

"तुझी."

"मग मला विचारायलात का सांगायलात?"

"विचारतोय की."

त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, हे बसवल्यावर गाडी जास्त पळती का?"

"जास्त पळत नाही वहिनी. वळणावर चाक घसरत नाही, एवढंच."

"म्हणजे आमचे हे परत मैदानावर जाणार."

त्यांनी भाकरी उलटली. "दिवाळीच्या सुट्टीत करा काय करायचं ते. शाळा उघडायच्या दिवशी गाडी दारात पाहिजे." परवानगी मिळाली ती अशी.

दिवाळीत माझी कंपनीही बंद होती. पाडवा झाला आणि आम्ही गाडी लिफ्टवर घेतली. आधी छोट्या बॅटरीची वायर काढली, मग मोठ्या बॅटरीचा सुरक्षेचा प्लग. तो प्लग मित्रानं स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे चुकूनही कुणी लावायला नको. इलेक्ट्रिक गाड्यांचा कोर्स त्यानं केलेला होता, तरी रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीच्या त्या नारंगी वायरींजवळ गेल्यावर दोघांचाही आवाज आपोआप खाली आला. आत साठलेला करंट उतरेपर्यंत थांबलो, मीटर लावला, शून्य दिसलं, मग बोलायला लागलो.

पुढचं काम ओळखीचं होतं. कूलंट आणि ऑइल काढलं, एक्सल उपसले, मोटर आणि गिअरबॉक्स एकत्रच खाली टेबलावर उतरवले. केसिंग उघडलं तर आत दोन-तीन गिअर आणि डिफरन्शियल. मित्र बघतच राहिला. "एवढंच? एवढ्यावर पळती ही?" मोठा गिअर जुन्या डिफरन्शियलवरून काढून नव्यावर बोल्टनं बसवला, बेअरिंग प्रेस मशिनवर दाबून बसवली. बेअरिंगवर किती दाब राहणार हे पातळ चकत्या घालून ठरवायचं असतं, त्यांना शिम म्हणतात. मोजायची डायल मी लावली, आकडे दोघांनी पाहिले, शिम निवडली, केसिंग बंद केलं. मित्र स्टुलावर बसून, डावा पाय लांब करून काम करत होता आणि गुणगुणत होता.

प्लॉटवर पहिली चक्कर त्यानंच मारली. मी शेजारी बसलो होतो. वळणात गाडी बाहेर फेकली जायच्या ऐवजी आत ओढली गेली. त्यानं पुन्हा वळवली, पुन्हा. मग आम्हा दोघांना एकदमच आवाज ऐकू आला. बारीक, लांबट, वेगाबरोबर चढणारा. पेट्रोल गाडीत इंजिनाखाली तो दबून गेला असता. इथं ऐकू यायला दुसरं काहीच नव्हतं.

"नवीन हाय. बसंल दोन दिवसांत," मित्र म्हणाला.

वहिनी चहा घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. "हा आवाज आधी नव्हता," त्या म्हणाल्या.

"नव्या पार्टचा आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही दोघं एवढे गप्प का झालात?"

गाडी परत लिफ्टवर गेली. सगळं पहिल्यापासून उघडलं. एक बेअरिंग प्रेसवर पूर्ण बसलंच नव्हतं. गाडी चालल्यावर ते उरलेलं आत सरकलं आणि दाब गेला. आता जाड शिम हवी होती. भोसरीतली दुकानं अजून बंद होती. शाळा उघडायच्या दिवशी गाडी टेबलावर आणि लिफ्टवर अशी दोन ठिकाणी होती.

त्या सकाळी मी तिथंच होतो. वहिनी पर्स खांद्याला लावून बाहेर आल्या, लिफ्टकडे एकदा बघितलं आणि एसटीला निघाल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मित्र दिवसभर गुणगुणला नाही.

दुकानं उघडल्यावर शिम मिळाली. या वेळी बेअरिंग दाबल्यावर त्यानं भोवताली सगळीकडे फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, घालून पाहिलं, मग माझ्या हातात दिलं, "तू पण बघ." बंद केलं, ऑइल भरलं. आवाज गेला. अगदी पूर्ण नाही. एका ठरावीक वेगाला अजूनही किंचित येतो, पण तो ऐकायला कान देऊन बसावं लागतं.

थंडीत चाकणजवळच्या एका मैदानावर शर्यत होती. वहिनी न बोलावता आल्या. आयोजकांच्या डॉक्टरनं मित्राचा पाय बघितला आणि म्हणाला, "आग लागली तर झटकन बाहेर पडता येईल का, दाखवा." पहिल्यांदा त्याचा पाय स्टिअरिंगखाली अडकला. दुसऱ्यांदा त्यानं आधी हातांवर अंग उचललं आणि पाय सुटला. डॉक्टरनं होकारार्थी मान हलवली. इलेक्ट्रिक गाड्यांचा गटच नव्हता, त्यामुळे वेळ घेणार, नंबर देणार नाही, असं ठरलं. मित्राला त्याचं काही नव्हतं.

तो निघाला तेव्हा आवाज फक्त खड्यांचा होता. मैदानावरची माणसं ते ऐकायला गप्प झाली. एक शंकू पडला, बाकी मार्ग स्वच्छ. वेळ चांगल्या पेट्रोल गाड्यांच्या आसपास आली. उतरल्यावर तो मला म्हणाला, "दोन्ही चाकं धरत्यात," आणि हसत राहिला.

तेवढ्यात वहिनींनी आयोजकाला विचारलं, "मी एकदा चालवली तर चालेल का?"

"अगं, माती हाय ती, रस्ता न्हाई," मित्र म्हणाला.

"दिसतंय मला. आणि गाडी माझी आहे."

आयोजकानं लायसन्स बघितलं, हेल्मेट दिलं, सुरक्षेचं समजावून सांगितलं. वहिनी निघाल्या. सुरुवातीला सावकाश, मग तितक्या सावकाश नाही. शेवटच्या वळणावर त्यांनी मध्येच पाय उचलला, गाडीचं मागचं अंग सरकलं आणि धूळ उठली. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभ्या असलेल्या मित्रानं तिचा बांबू घट्ट धरला.

"एवढं काय, सावकाश तर चालवतायत," मी म्हणालो.

"सावकाश न्हाई." धुळीतून गाडी सरळ बाहेर आली तरी त्यानं बांबू सोडला नाही. मग म्हणाला, "ही दर वेळी अशीच उभी राहत असंल न्हाई?"

राहत होत्या. पूर्वीच्या शर्यतींना वहिनी दोरीपाशी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभ्या असायच्या. मी मात्र तेव्हा टायरकडे बघत असायचो.

त्या आल्या, हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते. "स्टिअरिंग हातातून ओढून घेतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"त्या डिफरन्शियलमुळं. घट्ट धरायचं न्हाई. हलकं धर, ती आपली आपण सरळ होती."

"आणि त्या वळणावर मी काय चुकले?"

त्यानं मातीत काडीनं वळण काढलं. त्या त्याच्या शेजारी बसल्या. मला भूक लागली होती, पण ते दोघं उठेनात, म्हणून मी पाने आवरायला घेतले.

पुढच्या सर्व्हिसिंगला सर्व्हिस सेंटरवाल्यांनी वहिनींना सांगितलं की या पार्टमुळे आता मोटरची वॉरंटी राहिली नाही. "माहीत आहे," त्या म्हणाल्या, "घरी मेकॅनिक आहे." आता वर्षात दोन-तीन शर्यती होतात. कधी तो चालवतो, कधी दोघंही. वहिनींची वेळ अजून त्याच्यापेक्षा बरीच मागे आहे आणि ते त्यांना आवडत नाही.