विसाव्या मिनिटाला

आमच्या नल्लकुंट्याच्या घरातला कॉम्प्युटर गेल्या दसऱ्यानंतर बिघडला. सुरू व्हायचा नीट, वीसेक मिनिटं शहाण्यासारखा वागायचा आणि मग काही न सांगता बंद. थोड्या वेळानं बटण दाबलं की काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा हजर. आमच्या कचेरीत असा एक हेडक्लार्क होता. त्याच्यावरही माझा कधी इलाज चालला नाही.

मला स्वतःला त्या यंत्राची फारशी गरज नव्हती. निवृत्त माणूस विजेचं बिल मोबाइलवर भरतो आणि उरलेला वेळ घरच्यांशी वाद घालतो. गरज होती आईला. वय शहाऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले. मोबाइलवर तिला माणसाऐवजी नुसता डाग दिसतो. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्याला नाक टेकवून बसलं की मात्र चेहरा कळतो, आणि त्या पडद्यावर दर रविवारी सकाळी दहाला परभणीची मावशी येते. मावशी नव्वदीची. तिची सून तिला समोर आणून बसवते आणि दोघी बहिणी ओरडून ओरडून बोलतात. गल्लीतल्या तेलुगू शेजाऱ्यांनाही आता आमच्या आजोळची माहिती झाली असावी.

अडचण अशी की मावशीला आता माणसं पटकन आठवत नाहीत. सुरुवातीला ती आईला "तुम्ही कुणाच्या हो?" असंच विचारते. आई न कंटाळता सांगत बसते: आपली विहीर, विहिरीवरची चिंच, मोडक्या शिंगाची गाय, वडलांचा खोकला. पंधराएक मिनिटं असं खणल्यावर मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होतं, आणि ती आईला लहानपणीच्या लाडाच्या नावानं हाक मारते. ते नाव घेणारं आता जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. ती हाक ऐकून आई खुर्चीत सरसावून बसते, खऱ्या गप्पांना तोंड फुटतं, आणि विसाव्या मिनिटाला पडदा काळा.

असं ओळीनं चार रविवार झालं. पुन्हा जोडून दिलं तरी उपयोग नसे. तोवर मावशी परत "तुम्ही कुणाच्या?" वर आलेली असे, किंवा झोपलेली. पहिल्या तीन वेळा आईनं यंत्राचा उद्धार केला. चौथ्या वेळी मात्र ती पदरानं काळा पडदा पुसत राहिली आणि मग म्हणाली, "तिला वाटलं असेल, मीच उठून गेले."

हे मला लागलं. मी कामाला लागलो.

मी कामाला लागतो म्हणजे आधी वही करतो. तारीख, वेळ, लक्षण, संशयित, केलेली कार्यवाही, असे पाच रकाने आखले. पहिला संशयित व्होल्टेज. नवा स्टॅबिलायझर आणला. दुसरा, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची पाण्याची मोटर. त्याला रविवारी दहानंतर मोटर लावायची बंदी केली, आणि त्या भल्या माणसानं ती पाळलीही. तिसरा, आमच्या घरचा ओला ग्रायंडर. माझी बायको तेलुगू घरातली, आठवड्याचं डोशाचं पीठ ती रविवारी सकाळीच दळते. मी ग्रायंडर बंद करवला आणि तीन आठवडे उपमा खाल्ला. चौथा संशयित व्हायरस. त्याच्या नावानं मी सगळी यंत्रणा पुसून नव्यानं भरली. त्यात दहा वर्षांचे फोटो गेले, व्हायरस सापडला नाही, आणि यंत्र विसाव्या मिनिटाला बंद पडलं ते पडलंच.

"एमंडी," बायको म्हणाली. एमंडी म्हणजे अहो. "तो डबा एकदा उघडून तर बघा."

"त्याला सील आहे," मी म्हणालो.

मागच्या बाजूला, स्क्रूच्या डोक्यावर, चंदेरी कागदाचा एक तुकडा चिकटवलेला होता. हा तोडल्यास हमी रद्द, असं त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं. हमी संपून सहा वर्षं झाली होती हे मला माहीत होतं. पण आमच्या घराण्यात पणजोबांपासून सरकारी नोकरी. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील कोर्टात, मी कोषागारात. सील दिसलं की आमचा हात मागे जातो. सक्षम अधिकाऱ्याच्या उपस्थितीशिवाय सील तोडायचं नसतं, हे आम्हाला संध्याकाळच्या परवच्याबरोबर शिकवलेलं आहे.

"मग अधिकारी आणा," असं म्हणून ती आत गेली.

सक्षम अधिकारी अंबरपेठेत सापडल्या. पिठाच्या गिरणीशेजारी दुरुस्तीचं दुकान, चालवणारी पन्नाशीची बाई, डोक्यावर ओढणी, कपाळावर दिवा बांधलेला. मी डबा जुन्या चादरीत गुंडाळून ऑटोत मांडीवर घेतला. आईही हट्टानं आली. "त्याला काय झालंय ते मला कळायला पाहिजे," ती म्हणाली. ऑटोवाल्यानं चादरीकडे बघून हळू आवाजात विचारलं, बच्चा बीमार है क्या.

"कब से बंद पडरा, साब?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

मी वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"खोल को देखे क्या?"

"सील था।"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सीलकडे पाहिलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं ते खर्रकन फाडलं. झाकण निघालं, बाईंनी डबा तिरका केला आणि आतून सळसळत मूठभर लाल-पिवळे तांदूळ टेबलावर आले.

"अम्मा," त्या आईला म्हणाल्या, "अंदर बगारा खाना चढाए क्या?" बगारा खाना म्हणजे फोडणीचा भात.

मग माझा पारा चढला. तिथंच, गिरणीच्या आवाजावर आवाज काढून, मी आईला भाषण दिलं. यंत्र म्हणजे देव्हारा नव्हे, वरच्या बाजूला जाळी कशासाठी असते, खंडेनवमीला शस्त्रं पुजायची तर घरात विळी आहे, सुरी आहे. आई शांतपणे तांदळावरून बोट फिरवत होती. डोळ्यांजवळ नेऊन तिनं ते पाहिले.

"लाल अक्षता माझ्या," ती म्हणाली. "दर रविवारी फोनच्या आधी चार दाणे टाकते. तेवढं बोलू दे बाबा, म्हणते. पिवळ्या सूनबाईच्या. त्यांच्यात हळद लावतात. आम्ही दोघी कबूल."

"बघा!" मी बाईंना म्हणालो. "सापडला दोष."

"नक्को साब," बाई म्हणाल्या. "चावल तो नीचे बैठ गए, उनो किसको क्या करते? पंखे को ये पकड को रखा." आणि चिमट्यानं त्यांनी पंख्याच्या पात्यातून एक वाळकी काडी ओढून काढली. काडीला दोन बारकी पानं अजून चिकटून होती. पंखा फिरतच नव्हता, म्हणून आतलं डोकं तापत होतं आणि वीस मिनिटांत जीव वाचवायला यंत्र स्वतःच बंद होत होतं.

आईनं काडी हातात घेतली. "ही रे कुणाची?"

ती शमी होती. दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या शहरात ही पानं आणून सोनं म्हणून वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवतात. पाया पडून झालं की मी एक डहाळी कॉम्प्युटरलाही देतो. मी देव मानत नाही, पण असभ्यही नाही. दरवर्षी ती कीबोर्डवर ठेवायचो. गेल्या दसऱ्याला कीबोर्डवर बायकोची झेंडूची फुलं होती, म्हणून वर ठेवली. जाळीवर. बरोब्बर मधोमध.

परतताना ऑटोत आई बाहेर बघून हसत होती. तिला बाहेरचं काही दिसत नाही. घरी आल्यावर तिनं सगळी हकीकत सुनेला साग्रसंगीत सांगितली. बायकोनं माझी वही आणून दिली, वर पेन ठेवलं. "एमंडी, संशयितांत तुमचं नाव राहिलं," ती म्हणाली आणि ग्रायंडर लावायला गेली.

रविवारी दहाला मी घड्याळ घेऊन आईच्या मागे उभा राहिलो. विहीर झाली, चिंच झाली, गाय झाली. अठराव्या मिनिटाला मावशीनं ती हाक मारली. एकोणीस. वीस. एकवीस. पडदा लख्ख होता. तिसाव्या मिनिटाला दोघी कुणाच्या तरी लग्नातल्या पळवलेल्या लाडवांवरून भांडत होत्या आणि मावशी हसताना तिची कवळी निसटत होती.

आणि मग, साधारण चाळिसाव्या मिनिटाला, मावशी मध्येच थांबली. पडद्याकडे बघत राहिली. "तुम्ही कुणाच्या म्हणालात?" तिनं विचारलं.

एवढा खटाटोप करून पुन्हा तिथंच. आईला हे ऐकायला नको म्हणून मी बंद करायला हात पुढे केला. आईनं तो न बघताच बाजूला सारला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"जा, तू चहा घे," ती मला म्हणाली. "आता बंद पडत नाही ना ते? मग सांगते की तिला पुन्हा." आणि पडद्याकडे वळून, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं ती म्हणाली, "अहो, आपल्याकडे एक विहीर होती बघा."