मायबाप खोडला

न्हावी मालगुजाराची दाढी करून राहिला होता. ओसरीवर खुर्ची, गळ्याभोवती पांढरा टॉवेल. मी पायरीच्या खाली, चपलांजवळ, कागद धरून उभी. त्या कागदावर आमच्या वस्तीतल्या घराघरातले अंगठे होते. विहिरीची मागनी होती. भोपाळले विधानसभेत आमचं दुखनं कोनी तरी मांडावं, येवढंच लिहिलं होतं.

मालगुजारानं हात पुढं केला. कागद वाचला नाही. न्हाव्याकडे दिला. न्हाव्यानं एकदा माह्याकडे पाह्यलं, मंग वस्तरा त्याच कागदावर पुसला. तीनदा. शाईच्या अंगठ्यायवर साबनाचा फेस, फेसात म्हाताऱ्याचे पांढरे खुंट.

मालगुजार म्हने, "विधानसभा पनघट नहीं है, बाई, कि कोई भी घड़ा लेकर चली आए."

आनि मी काय म्हनली? "चुकलं, मालिक." पाठ न दाखवता उलट्या पावलानं फाटकापर्यंत गेली. त्याच्यापेक्षा मले माहीच शरम जास्त आठवते.

आमी भंडाऱ्याकडचे. इकडं हिंदी मुलखात लोखंडाचा सरकारी कारखाना बांधनं सुरू झालं म्हनून नवरा-बायको दोघं आलो, मागून दीर-जाऊ. तो रिगर, लोखंडी गर्डर वर चढवनारा, मी रेजा, डोक्यावर घमेलं. कारखान्याच्या बाबूलोकायसाठी सेक्टरमधले क्वार्टर बांधले आमी. नळ लागले दुसऱ्यायच्या घरी. आमची वस्ती कुरुद गावाच्या वाटेवर, कारखान्याच्या हद्दीबाहेर. तक्रार घेऊन गेलो तं कारखान्याचा बाबू म्हने, तिथलं पानी राज्य सरकारचं काम. तहसीलचा बाबू म्हने, कारखान्याचं. साऱ्या वस्तीत एकच विहीर, तिची एक बाजू ढासळलेली. पावसाळ्यात सारी घान तिच्यात उतरे. त्या साली हैजा आला, पटकीची साथ. माही जाऊ सकाळी माह्यासंगं कामावर निघाली होती, दुपारपर्यंत गेली. तिचं दोन वर्साचं लेकरू मी कडेवर घेतलं. मी चवथी शिकली होती, म्हनून कागद मीच लिहिला.

मालगुजारी, म्हनजे गावाची जमीनदारी, कायद्यानं केव्हाचीच गेली होती. पन या म्हाताऱ्याले कोनी सांगतलं नसावं. आमदाराकडे जानारा प्रत्येक कागद आपल्याच ओसरीवरून गेला पाहिजे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. अन् आमी मेंढरं, आमी ते मानलं होतं. कागद सरळ डाकेत टाकता येते, हे आमाले ठाऊकच नव्हतं. त्या अडानीपनाची आज किळस येते.

कारखान्याचा माल ठेवाच्या स्टोअरच्या गेटवर दौलतकाका चौकीदार होते. पहिले ते नागपूरच्या विधानसभेत दरवाज्यावर चपराशी. राज्यायची नवी वाटनी झाली, सभा भोपाळले गेली, ते पोटासाठी इकडं आले. मी रडत सारं सांगतलं. त्यायनं हळहळ केली नाही. म्हनले, पुन्हा लिहून आन. मी आनला तं पेन्सिलीनं पहिलीच ओळ खोडली. 'मायबाप सरकार' खोडलं. 'पाया पडून विनंती' खोडलं. 'कृपा' खोडली. शेवटी चार ओळी राहिल्या.

"विनंती केली तं ते दया करते, नाही तं नाही करत," ते म्हनले. "सवाल केला तं मंत्र्याले जवाब द्या लागते. अन् तो छापून येते."

मंग एकेक गोष्ट समजावली. सवाल आपल्याच आमदारानं विचारावा असं नाही, सभेतला कोनताही सदस्य विचारू शकते. सवाल एकाच गोष्टीचा पाहिजे. काम कोनाच्या खात्याचं, कधीपासून पडलं आहे, केव्हा होनार. रडगानं नको. म्हने, सवालाच्या दिवशी भले भले कागद चाळत घाम पुसताना मी दरवाज्यातून पाह्यले आहेत.

आमी दुसऱ्या जिल्ह्यातल्या, विरोधी बाकावरच्या एका सदस्याले कागद पाठवला. रजिस्टर डाकेनं, पावती जपून. अंगठे पुन्हा घेतले. मालगुजार काय म्हनेल म्हनून काही मानसं घाबरली. बाया नाही घाबरल्या. पानी त्याच भरत.

अधिवेशन झाल्यावर त्या सदस्यानं जवाब पाठवला, छापलेला. "बस्ती में कुआँ उपलब्ध है. कोई शिकायत प्राप्त नहीं हुई."

दोन वाक्यं. दोन्ही खोटी. मी वस्तीत वाचून दाखवलं तं बाया हसाले लागल्या. तसं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. राज्याचा मंत्री, भरलेली सभा, अन् ढासळलेल्या खड्ड्याले हे विहीर म्हनते. ज्यायच्या नावानं आमी थरथरत होतो ते येवढं हलकं खोटं बोलते! त्या दिवशी माह्या मनातून भेव गेलं. जागा रिकामी राहिली नाही, तिथं तिरस्कार येऊन बसला.

दोन दिवसानं मालगुजारानं मानूस पाठवून बोलावलं. या वेळी माह्यासाठी स्टूल ठेवला होता. तो म्हने, परक्या आमदाराकडे जाऊन तू आमची इज्जत घालवली. माफी लिहून दे, विहिरीचं मी पाहून घेतो. कागद अन् पेन तयारच होता.

मी बसली नाही. पेन उचलला नाही.

"तुमच्या हातची विहीर नको," मी म्हनली. "तक्रार आली नाही, हे सभेले कोनं सांगतलं, हा आमचा पुढचा सवाल आहे."

त्यानं माही जात विचारली. या लोकायजवळचा जवाब संपला की ते जात विचारते. मी निघून आली.

विहीर झाली नाही. एक ओव्हरसियर टेप घेऊन आला, मोजून गेला. माह्या नवऱ्याले ठेकेदारानं कामावरून काढलं. कोनाच्या सांगन्यावरून, ते सांगाची गरज नाही. जावेच्या लेकराले मी पानी उकळून पाजते.

सवाल थांबले नाही. वस्तीतल्या सात बाया माह्या ओट्यावर चार ओळीचा सवाल लिहाले शिकून राहिल्या. प्रत्येक अधिवेशनाच्या आधी एक सवाल जाईल. खोटा जवाब आला तं त्या खोट्यावर दुसरा. मत मांगाले जो येईल, त्याले पहिले हे छापलेले जवाब आमच्यासमोर मोठ्यानं वाचा लागतीन. नाही वाचले तं त्यानं दुसरी वस्ती पाहावी.

अन् मी भोपाळले जानार आहे. सभेच्या वरच्या सज्जात बसाले पास लागते, तो सदस्याच्या सहीनं भेटते, हे आता मले ठाऊक आहे. खोटं वाचता वाचता मंत्र्यानं मान वर केली, तं त्याले मी दिसली पाहिजे.