मी पसंत केलेलं इंजिन

विचारलंच आहे तर सांगते, पण आधी तो चहा संपवा. मधेच हसू आलं तर ठसका लागेल, आणि त्याचाही दोष माझ्यावरच यायचा. आयुष्यात मी एकदाच एक इंजिन पसंत केलं. पसंती कसली, नुसती मान हलवली. तेवढ्याने काय काय हललं ते ऐका.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा आमच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि एक गाडी होती.

हो, गाडी. दुसऱ्या मजल्यावर. ह्यांनी कुठल्याशा मासिकात गो-कार्टचा फोटो बघितला होता. जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, चार छोटी चाकं, छप्पर नाही आणि सीट एकच. ज्याचं लग्न ठरलंय त्याने एकाच सीटची गाडी का बांधायला घ्यावी, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. नवीन होते ना.

पाण्याच्या पाइपांचा सांगाडा, स्कूटरची चाकं आणि पाय कापलेली खुर्ची. खाली ठेवली तर चोर नेतील म्हणून ती पलंग आणि कपाटाच्या मधे ठेवलेली. कपाटातून साडी काढायची तर आधी त्या खुर्चीत बसायचं, स्टिअरिंग धरायचं आणि मग हात लांब करायचा. सासरी येऊन मला पहिली हक्काची जागा मिळाली ती ड्रायव्हरची.

गाडीत सगळं होतं, फक्त इंजिन नव्हतं. आणि इंजिन का नव्हतं? तर ते निवडायला कमिटी होती.

दर रविवारी ह्यांचे दोन मित्र यायचे. सबनीस कारखान्याच्या स्टोअरमधे, म्हात्रे टाइम ऑफिसमधे. हे स्वतः ड्रॉइंग ऑफिसात टाक्यांची चित्रं काढायचे. म्हणजे एकाचा संबंध कपाटात ठेवलेल्या वस्तूंशी, दुसऱ्याचा उशिरा येणाऱ्या माणसांशी आणि तिसऱ्याचा जागेवरून कधीच न हलणाऱ्या टाक्यांशी. तिघांनाही इंजिनातलं सगळं कळत होतं.

ह्यांना स्कूटरचं इंजिन हवं होतं. घरात स्कूटर एकच, ती माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. त्यामुळे तो ठराव अण्णा घरी नसतानाच मांडला जायचा. म्हात्रे मोपेडच्या बाजूने होते, कारण त्यांची मोपेड बंद पडून दोन वर्षं झाली होती. सबनिसांचं म्हणणं जनरेटरचं इंजिन बसवा. गाडी नाही चालली तर निदान वीज गेल्यावर पंखा तरी फिरेल. प्रत्येक रविवारी कांदेपोहे व्हायचे, वहीत मुद्दे उतरायचे आणि विषय पुढच्या रविवारवर जायचा.

शेवटी अण्णांनी निकाल दिला. अण्णा त्याच कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, बोलायचे कमी. म्हणाले, दसऱ्याला ही गाडी चालली पाहिजे. नाही चालली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावणार. चालली, तर सबनिसांच्या घरामागच्या शेडमधे ठेवायची, पण घरात नाही.

ह्यांचा चेहरा जो उतरला, तो बघवेना. त्या सांगाड्यावर माणसाने दोन वर्षांचे रविवार घातले होते. मला ह्यांचं वाईट वाटत होतंच, पण खोटं कशाला बोलू, मला माझी खोली हवी होती. दोन्ही एकाच गोष्टीने होणार होतं. दसऱ्याला गाडी चालायला हवी होती.

पुढच्या रविवारी मी पोह्यांच्या बशा ठेवत होते. मोपेड की जनरेटर, यावर तिघं हमरीतुमरीवर आले होते. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "पंपाचं लहान इंजिन असतं, ते नाही का चालणार?"

तिघांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मग सबनीस हळूच ह्यांना म्हणाले, "अरे, वहिनींचं माहेर बदलापूरचं. वडिलांचा मळा आहे ना नदीवर? पंप आहे ना?"

पंप होता. माझ्या वडिलांचा, दादांचा, भाजीचा मळा होता आणि त्यावर पाणी खेचणारं इंजिन होतं. त्यातलं माझं काम एवढंच की मळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं आणि पाट भरला की "आलं गो" म्हणून ओरडायचं. इंजिन कधी जवळून बघितलंही नव्हतं, कारण साडीला काळं लागतं म्हणून आई जाऊ द्यायची नाही.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नव्या सुनेकडे कोणी पहिल्यांदाच आदराने बघितलं की तिचा जरा घोटाळा होतो. मी बशा उचलल्या आणि आत गेले. त्यांना वाटलं, काय विनय आहे.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. शेजारच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. मी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि काहीच बोलले नाही. काकूच म्हणाल्या, "वायर सैल झाली असेल, नाही?" मी मान हलवली. खरंच वायर सैल होती. मग कोणाची इस्त्री, कोणाचा टेबल फॅन. मी गप्प बसायचे, लोक स्वतःच कारण शोधायचे, मी मान हलवायचे. महिन्याभरात बिल्डिंगमधे माझं नाव झालं. गप्प राहण्याला एवढी किंमत असते हे माहेरी कोणी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला आठवडा उरला तेव्हा कमिटी मला घेऊन उल्हासनगरला गेली. जुन्या मशीनरीचं दुकान, मालक सिंधी, सगळे त्यांना लछूशेठ म्हणत. ह्यांनी माझी ओळख करून दिली की मिसेसना इंजिनाची पारख आहे. शेठनी मला स्टूल दिलं, थंडा मागवला आणि चार इंजिनं ओळीने मांडली. पोरगी बघायला आल्यासारखी मी चौघींसमोर बसले.

दुकानातल्या माणसाने दोरी ओढून एकेक चालू करून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. खरं तर मी हिशेब करत होते की दसऱ्यापर्यंत हे इंजिनसुद्धा आमच्याच खोलीत येणार. तेव्हा मी चारातल्या सगळ्यात लहान इंजिनाकडे बोट केलं.

लछूशेठ खूश झाले. पण माणूस प्रामाणिक. म्हणाले, "भाभी, एक बात पहले बोल देता हूँ. ये होडी का माल है, खाडी से आया है. ये उलटा फिरता है. आपको चलेगा ना?"

तिघं पुरुष माझ्याकडे बघायला लागले. मी विचार केला. गोल फिरणारी वस्तू. उलटी फिरली काय, सुलटी फिरली काय, शेवटी गोलच फिरणार ना? त्यात बाहेर ऊन मी म्हणत होतं.

मी मान हलवली.

सबनिसांनी लगेच मान हलवली. मग म्हात्रेंनी. मग ह्यांनी. तिघांपैकी एकाने जरी विचारलं असतं की उलटं म्हणजे काय हो, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण बायकोला कळलेली गोष्ट नवऱ्याने दुकानदारासमोर कशी विचारायची? परत येताना सबनीस ह्यांना म्हणाले, होडीचं इंजिन म्हणजे दमदार, हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, घरी आणून एकदा चालवून बघायचं की. बघितलं असतं. पण आमच्या सासूबाईंनी ठणकावलं की दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय नव्या यंत्राचं चाक फिरवायचं नाही. कारखान्यातसुद्धा पूजेआधी नवं मशीन चालू करत नाहीत, असं अण्णांनीही सांगितलं. तेव्हा इंजिन बसवलं, पट्टा चढवला, बाजूला एक दांडा लावला. दांडा ओढला की पट्टा ताणला जायचा आणि चाकं फिरायची. सोडला की पट्टा सैल पडायचा. ब्रेकचा विषय कमिटीने दिवाळीनंतर घ्यायचं ठरवलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी चार माणसांनी गाडी खाली अंगणात उतरवली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. पुढच्या दोन चाकांसमोर दोन लिंबं ठेवली, म्हणजे गाडी निघाली की ती चिरडायची. सगळी बिल्डिंग जमलेली. गाडी सुसाट पुढे जाणार म्हणून समोरचं अंगण मोकळं सोडलं, आणि वडीलधारी मंडळी सुरक्षित राहावीत म्हणून त्यांच्या खुर्च्या गाडीच्या मागे मांडल्या. पेढ्यांचं टेबलही मागे.

हे गॉगल लावून बसले. सबनिसांनी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन धडधडायला लागलं आणि टाळ्या पडल्या. ह्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला साखरपुडा आठवला. मग त्यांनी दांडा ओढला.

गाडी मागे निघाली.

ह्यांना वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी आणखी जोरात मागे. घाबरल्यावर माणूस हातातलं सोडत नाही, आणखी घट्ट धरतो; ह्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. ज्या काकांना जिना चढताना दोनदा बसावं लागायचं, ते खुर्चीतून उठून थेट जिन्यात गेले. टेबल आडवं झालं, पेढे मातीत, आणि गाडी सोसायटीच्या कामासाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात पाठीमागून रुतून बसली. इंजिन बंद पडलं.

अंगणात दोन्ही लिंबं होती तिथेच होती. त्यांना धक्कासुद्धा लागला नव्हता.

मग म्हात्रे घसा खाकरून म्हणाले, "अण्णा, चालली मात्र. कुठल्या बाजूला, ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

अण्णांनी गाडीकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. ह्यांच्या गॉगलवर अर्धा पेढा होता. मला वाटलं, झालं, आता भंगारवाला. पण अण्णा शब्दाचे पक्के. म्हणाले, "चालली. भंगारात जाणार नाही."

ह्यांनी गॉगल काढला तेव्हा डोळे भरलेले होते. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. आता गाडी सबनिसांच्या शेडमधे जाणार, संध्याकाळी मी सरळ चालत कपाटापर्यंत जाणार.

तर सबनीस म्हणाले, इंजिन फिरवून बसवायला लागणार, बारीक काम आहे. शेडमधे ते कोण बघणार? त्यापेक्षा जिथे जाणकार माणूस आहे तिथेच गाडी असलेली बरी. वहिनींच्या नजरेखाली.

सगळ्यांच्या माना हलल्या. सासरी आल्यापासून पहिल्यांदा मी सगळ्या बिल्डिंगसमोर तोंड उघडलं.

"अण्णा, मला इंजिनातलं काही कळत नाही."

अण्णा धोतराची वाळू झटकत होते. वर न बघता म्हणाले, "ते आज अख्ख्या सोसायटीला कळलं, सूनबाई. म्हणूनच तुझ्या खोलीत ठेवतोय. जवळ राहिलं की शिकशील."

खाली आणायला चार माणसं लागली होती. वाळूसकट वर न्यायला सहा लागली. दार धरून मी उभी होते.