खाऱ्या वाळूतली मर्यादवेल बघायला अण्णांबरोबर बोर्डीला

गोदाकाठच्या आमच्या झेंडूच्या मळ्याचा एक कोपरा खारावलाय. शेणखत झालं, जिप्सम झालं, तरी उन्हाळ्यात तिथे मिठाचा पांढरा पापुद्रा धरतोच. हिवाळ्यात एकदा मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाइलवर समुद्रकाठच्या मर्यादवेलीचा फोटो दाखवला. जांभळी फुलं, खाली निव्वळ वाळू.

"खाऱ्यात फुलतीये? डोळ्यानं बघितल्याबिगर नाय पटायचं."

अण्णांनी तोवर समुद्रही पाहिला नव्हता. रविवारी गाडी काढली.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत बोर्डीला जायला अर्धा दिवस लागतो. घाटात वळणं फार, तेव्हा उजाडताच निघा. डहाणूच्या पुढे चिकूच्या वाड्या लागल्या आणि अण्णा दर वाडीपाशी "हळू घे" म्हणू लागले.

दुपारी किनाऱ्यावर पोचलो. वेल हिरवीगार, पण फुलं सगळी मिटलेली! अण्णांनी समुद्राकडे एकदा पाहिलं न पाहिलं आणि वेलीपाशीच बसकण मारली.

शेजारी बोंबील वाळत घालणाऱ्या मावशी हसल्या. "सकाळी या. ऊन चढलं की मिटतात."

दुसऱ्या दिवशी फुलांचा तोडा होता. अण्णा मळा सोडून कुठे राहत नाहीत. पण त्यांनी आईला फोन लावला, "तोडा तू बघ. मी ऱ्हातोय हितं." मी बघतच राहिले. गावात घरगुती सोय सहज मिळते; मासे खात नसाल तर आधी सांगा, वालाची उसळ छान करतात.

सकाळी सगळा किनारा जांभळा. आपट्यासारखी पानं, घंटेसारखी फुलं. अण्णा हातांनी वाळू उकरून मुळं बघत होते.

"एखादी फांदी नेऊ का?" त्यांनी मावशींना विचारलं.

"उपटू नका भाऊ, वाळू तिनंच धरलीय. ही घ्या, भरतीनं तुटलेली."

घरी येऊन ती त्या खाऱ्या कोपऱ्यात लावली. थोड्याच दिवसांत कुजली. एवढ्या लांब त्यांना उगाच नेलं असं मला वाटलं. अण्णा मात्र फांदी लावलेल्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याकडे टक लावून होते.

"तिथं पाणी ठरतच नव्हतं गं. हितं जागचं हालत नाय."

उन्हाळाभर खपून त्यांनी कोपऱ्यातून नाल्यापर्यंत चर खणला. पावसाळ्यात पाणी वाहून गेलं, त्याबरोबर खारही. यंदा दसऱ्याला तिथे झेंडूच्या दोन सऱ्या उभ्या आहेत. फुलं बारीक आहेत, बाजारात चालायची नाहीत. अण्णा मळ्यात आले की आधी तिकडेच जातात.